पहिला स्पीडवे जगज्जेता लायोनेल व्हॅन प्राग फिक्सर होता का?

तुमचा प्रश्न असा आहे की स्पीडवेची, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या मोटरसायकल शर्यतींची, १९३६ ची पहिली जागतिक स्पर्धा ऑस्ट्रेलियाच्या व्हॅन प्रागने संगनमत करून जिंकली का, आणि तसं असेल तर त्याला युद्धात शौर्यपदक कसं मिळालं.

आधी लंडनच्या वेम्बली स्टेडियममधली अंतिम फेरीची ती रात्र. त्या वर्षी आधीच्या फेऱ्यांचे बोनस गुण अंतिम फेरीत धरले जायचे. त्यामुळे ब्लूई विल्किन्सन त्या रात्री आपल्या पाचही शर्यती जिंकूनही तिसरा आला. हा नियम मला आजही अन्यायाचाच वाटतो. व्हॅन प्राग आणि इंग्लंडचा एरिक लँगटन यांचे प्रत्येकी २६ गुण झाले, म्हणून दोघांत निर्णायक शर्यत लागली. सुरुवातीलाच लँगटनने इशाऱ्याआधी पुढे सरकून आरंभरेषेवरची फीत तोडली. नियमाने तो बादच व्हायचा, पण असं फुकटचं जेतेपद नको म्हणून व्हॅन प्रागने शर्यत पुन्हा घ्यायला लावली. स्पीडवेच्या मोटरसायकलला ब्रेक नसतो. डाव्या बुटाला लोखंडी तळ लावून तो पाय मातीवर घासत, मागचं चाक घसरवत वळण घ्यायचं. लँगटन शेवटच्या वळणापर्यंत पुढे होता. तिथे तो जरासा बाहेर गेला, आतून फट मिळाली आणि व्हॅन प्राग चाकाच्याही अंतराने नाही, त्याहून कमी फरकाने जिंकला.

पुढे चर्चा झाली ती अशी: पहिल्या वळणावर जो पुढे असेल त्याने जिंकायचं आणि बक्षीस वाटून घ्यायचं, असं दोघांत ठरलं होतं. हे खरं धरलं तर ठरल्याप्रमाणे जिंकायचा होता लँगटन, आणि व्हॅन प्रागने शब्द मोडला. म्हणजे ठरवून जिंकला, हा आरोप तरी त्याला लागू पडत नाही. करार केल्याचा ठपका मात्र राहतो, आणि त्याचं समर्थन मी करणार नाही.

१९३९ ची अंतिम फेरी युद्धामुळे रद्द झाली. व्हॅन प्राग ऑस्ट्रेलियन हवाई दलात सार्जंट वैमानिक झाला. जानेवारी १९४२ मध्ये तो ज्या वाहतुकीच्या डीसी-२ विमानावर होता, ते जपानी विमानांनी आजच्या इंडोनेशियातल्या सुम्बा सामुद्रधुनीवर पाडलं. डीसी-२ वर एकही तोफ नव्हती, म्हणजे उलट मारा करायची सोयच नव्हती. त्यानंतर सुमारे तीस तास समुद्रात. व्हॅन प्राग आणि त्याच विमानावरचा नोएल वेबस्टर यांनी शार्कना हुसकावत आपल्या दोघा साथीदारांना पाण्यावर धरून ठेवलं आणि जगवलं. पदक त्यासाठी: जॉर्ज मेडल हे ब्रिटिश शौर्यपदक, दोघांनाही. तेव्हा व्हॅन प्राग ३३ वर्षांचा होता.

मला विचाराल तर त्याची थोरवी वेम्बलीत नाही, त्या पाण्यात आहे. तिथे ना प्रेक्षक होते, ना बक्षीस. हात सोडला असता तर त्याला जाब विचारणारंही कुणी नव्हतं.

युद्धानंतर तो पुन्हा ट्रॅकवर उतरला, आणि शर्यती सोडल्यावरही विमानं उडवत राहिला. नकाशांसाठी जमिनीचे फोटो घेणाऱ्या ॲडास्ट्रा कंपनीची हडसन विमानं त्याने चालवली. १९८७ मध्ये तो वारला.