गर्भाशयाची बायोप्सी भूल न देता करतात म्हणे. खूप दुखतं का? भूल मागितली तर चालते का?

ताई, 'पाच मिनिटांचं काम, भूल लागत नाही' असं बेळगावच्या डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलंय. माझी ही तपासणी दोनदा झालीय. दुखतं. सगळ्यांना सारखं नाही, माझ्या जावेला पाळीच्या कळेएवढंच जाणवलं. पण भूल मागता येते, आणि तुम्ही मागाच.

पहिल्यांदा मी खानापूरहून सकाळच्या बसनं एकटीच गेले होते. गर्भाशयाच्या आतला तुकडा काढायची नळी काडीएवढी बारीक, तिची भीती वाटली नाही. पण त्याआधी गर्भाशयाचं तोंड चिमट्यानं धरलं, तिथंच पहिली कळ आली. नळी आत गेल्यावर तर ओटीपोट पिळून निघालं. टेबलाच्या रेक्झिनमध्ये माझी नखं रुतली होती. सिस्टर म्हणत होती, "स्वल्प तडकोळ्ळी अक्का", जरा सोसा. उठले तर डोळ्यांपुढं अंधारी, ब्लाऊज घामानं चिंब. असं होऊ शकतं हे मला आधी कुणी सांगितलंच नाही, त्याचा राग अजून आहे.

दोन वर्षांनी परत जादा रक्तस्राव सुरू झाला, तेव्हा दुसरीकडं गेले. केबिनमध्ये बसल्या बसल्याच सांगितलं, मागच्या वेळी चक्कर आली होती, या वेळी भुलीचं इंजेक्शन द्या. डॉक्टरबाईंनी तासभर आधी घ्यायला वेदनेची गोळी लिहून दिली (अल्सर, दमा, किडनीचा त्रास असेल तर आधी सांगा, मनानं घेऊ नका) आणि गर्भाशयाच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना लिग्नोकेन, म्हणजे तेवढीच जागा बधिर करणारं औषध, टोचलं. दाताचे डॉक्टर हिरडीत देतात तसंच. सुई टोचली, पण चिमटा कळलाच नाही. आतली कळ मात्र आली, कारण ते इंजेक्शन गर्भाशयाच्या वरच्या भागाला पुरतं बधिर करत नाही. तरी पहिल्या वेळच्या निम्मीही नव्हती.

हे काही लाड नव्हेत. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही मे २०२५ मध्ये सांगितलंय की अशा तपासण्यांआधी बाईशी दुखण्याबद्दल बोलावं आणि उपाय देऊ करावेत.

टेबलावर झोपल्यावर बोलायचं सुचत नाही, म्हणून आधीच विचारा. 'मी थांबा म्हटलं की थांबाल ना?' हेही विचारा. फॉर्म कानडीत किंवा इंग्रजीत असेल तर समजावून घेऊनच सही करा. लिग्नोकेनची अ‍ॅलर्जी असेल तर सांगा. भीती फारच वाटत असेल तर झोपेचं इंजेक्शन देऊन ऑपरेशन थिएटरमध्ये करता येईल का, तेही विचारून बघा. खर्च वाढतो, पण तपासणी टाळू नका. सोबत कुणाला तरी न्या, आणि झाल्यावर अर्धा तास तिथंच पडून राहा, लगेच बसस्टँड गाठू नका.