सेकंडहँड १२ व्होल्टचा अनरेग्युलेटेड डीसी पॉवर सप्लाय मिळालाय, वर्कशॉपमध्ये कशाला वापरू?

आधी लोड (म्हणजे वीज खाणारं उपकरण) न लावता मीटर लावून बघा, १२ लिहिलेलं असलं तरी १६-१७ दाखवेल, घाबरू नका, सप्लाय बिघडलेला नाहीये, अनरेग्युलेटेड म्हणजे व्होल्टेज स्थिर नसतं, लोड आला की खाली बसतं. म्हणून एलईडी पट्टी किंवा सर्किट बोर्ड डायरेक्ट जोडू नका, मध्ये बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करून स्थिर ठेवणारं छोटं सर्किट) टाका. डीसी मोटर, रिले (विजेवर चालणारा स्विच), सोलेनॉइड (वीज दिली की दांडा ओढणारी कॉइल) टेस्ट करायला मस्त.

माझा आवडता उपयोग म्हणजे गंज काढणं! प्लास्टिकच्या बादलीत धुण्याच्या सोड्याचं पाणी, गंजलेला पाना निगेटिव्हला, साध्या लोखंडाचा तुकडा पॉझिटिव्हला (स्टेनलेस अजिबात नको, विषारी क्रोमियम सुटतं), आणि हे उघड्यावरच करा कारण हायड्रोजन निघतो. आउटपुटला फ्यूज मात्र टाकाच.