किलो आणि क्विंटल

अनेक आशीर्वाद.

अकरावीला मीडिया स्टडीज घेतलंस म्हटल्यावर घरी 'हे घेऊन पुढे काय?' झालं असणारच. ते मी तुझ्या बाबांशी बोलेन. रिप्रेझेंटेशनच्या, म्हणजे माध्यमं कुणाला कसं दाखवतात याच्या, प्रोजेक्टसाठी तू तीन विषय कळवलेस, त्यातले दोन दादासाहेब फाळक्यांवरचे. त्र्यंबकचा माणूस, पांडवलेणीच्या पायथ्याशी स्मारक, सगळं खरं. पण नाशिकमध्ये दर तिसऱ्या वहीत फाळके असतात. घ्यायचेच तर एवढंच घे: १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले साळुंके नावाचे पुरुष, कारण कॅमेऱ्यासमोर उभी राहायला बाई मिळेना. तेवढ्यावर चार पानं सहज होतील.

माझं ऐकशील तर कांदा घे.

हसू नकोस. तरुणपणी मी एका दैनिकात उपसंपादक होतो. कांदा महागला होता. रात्री पान लावता लावता मी मथळा ठोकला, 'कांद्याने आणले डोळ्यांत पाणी'. स्वतःवर खूशही झालो. दोन दिवसांनी निफाडकडचे मामा आले. चहा होईपर्यंत गप्प. मग सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला अंक काढला आणि मथळ्यावर बोट ठेवलं.

"कुणाच्या रे?"

"काय कुणाच्या?"

"डोळ्यांत. पाणी कुणाच्या डोळ्यांत?"

कितीतरी वर्षांनी त्यांच्या हातात चार पैसे पडले होते, आणि भाच्याचा पेपर रडत होता. त्या बातमीतलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हे लक्षात ठेव. मी फक्त बाजारात पिशवी घेऊन उभा होतो, ट्रॅक्टरवर नव्हतो.

तुझ्या अभ्यासात स्टुअर्ट हॉल हा माध्यमांचा अभ्यासक येईल. १९७३ मध्ये त्याने मांडलं की मजकूर करणारा त्यात अर्थ भरतो, पण घेणारा तो आपल्या जागेवरून लावतो: कधी आहे तसा, कधी थोडा मान्य थोडा अमान्य, कधी थेट उलटा. मामांनी हॉलचं नावही ऐकलं नव्हतं. मला मात्र आजही तो धडा वाचताना त्यांचं बोट दिसतं.

आता एक बारीक गोष्ट बघ. शहरातली बातमी कांद्याचा भाव किलोत सांगते, लासलगावचा लिलाव क्विंटलमध्ये बोलतो. नुसतं मापाचं एकक पाहिलं तरी कळतं की कॅमेरा कुणाच्या शेजारी उभा आहे. किलो म्हटलं की विकत घेणारा, क्विंटल म्हटलं की विकणारा. ७ डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. त्या आठवड्यातली शहरी दैनिकं आणि नाशिक जिल्ह्याची पानं शेजारी शेजारी ठेव. 'दर आटोक्यात' आणि 'दर कोसळले' हे एकाच आकड्याचं वर्णन असू शकतं. कोणतं क्रियापद कुणी वापरलं, फोटोत कोण आहे, कोण बोलतंय आणि कुणाविषयी नुसतं बोललं जातंय, एवढ्याच चार रकान्यांचा तक्ता कर. शेतकरी बाई किती फोटोंत आहे तेही मोज. कांदा लावणीपासून काढणीपर्यंत वाकलेली असते ती, आणि कॅमेऱ्यापुढे बोलायला, म्हणजे बाइटला, उभे असतात घरधनी.

डिजिटलचा भाग वेगळा काढू नकोस, यातच घे. तुझ्या फोनवर सुचवले जाणारे व्हिडिओ आणि एखाद्या कांदा उत्पादकाच्या फोनवरचे, दोन्ही याद्या एकाच दिवशी लिहून काढ. आधी जे पाहिलं त्यावरून पुढचं वाढलं जातं, म्हणजे प्रत्येकाच्या पानात आपापलाच कांदा.

आणि कापाकापी. आमच्या वेळी मजकूर कापायला उपसंपादक लागायचा, आता अंगठा पुरतो. २०१८ मध्ये मुलं पळवल्याचा एक व्हिडिओ गावोगाव फिरला. मूळ फिल्म पाकिस्तानातली, मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली. शेवटी पळवणारा मूल परत आणून ठेवतो. तो शेवटच कुणीतरी उडवला होता. अशा अफवा फिरत असताना १ जुलैला आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, राईनपाड्याला, भिक्षेकरी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्डची मर्यादा आणली. यावर लिहिताना 'फेक न्यूज' हा एक शब्द टाकून मोकळं होऊ नकोस. त्या व्हिडिओतलं प्रत्येक दृश्य खरोखर चित्रित झालेलं होतं. काय गाळलं आणि बघणाऱ्याला परका माणूस आधीपासूनच कसा दाखवला गेला होता, ते लिही. बहुरूपी, डवरी गोसावी असे भिक्षा मागत फिरणारे लोक आपल्या बातम्यांत एरवी कधी आणि कशासाठी येतात, तेही शोध.

सिद्धांतांची नावं कमी पडली तर शिक्षक विचारतील, तेव्हा बघू. मला तरी नावांनी गच्च भरलेली आणि उदाहरणं उसनी घेतलेली वही वाचवत नाही.

सुट्टी लागली की लिलावाचा दिवस बघून लासलगावला जाऊ. सकाळी लवकर निघावं लागेल. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीपासून दुसरीकडे सरकतो, मालक कांदे ओंजळीत धरून वर करतो आणि वर्षाचा हिशोब बघता बघता पुकारला जातो. पहिला अर्धा तास मोबाइल खिशात ठेवायचा, हे आधीच सांगून ठेवतो. नंतर हवे तेवढे फोटो काढ. फक्त प्रत्येकाखाली तू ट्रॉलीच्या कुठल्या बाजूला उभी होतीस ते लिही. मामा आता नाहीत, पण मामेभाऊ कांदा साठवायच्या चाळीवर असतो. तुझे मथळे आपण त्याला वाचायला देऊ.