फाल्गुन-चैत्रातला अभ्यास : घरी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही साताऱ्यात राहतो. गेल्या जूनपासून आमची दहा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा घरीच शिकत आहेत. पावसाळ्यात आणि थंडीत सकाळी नऊ ते दुपारी एक असे वेळापत्रक सुरळीत चालले. होळी झाली आणि सगळे विस्कटले. मुले सकाळी बाहेरून घरात यायला तयार नसतात, दुपारी उकाड्याने कंटाळतात, आणि सासूबाईंनी वाळवणाची तयारी सुरू केल्यामुळे स्वयंपाकघर, गच्ची आणि मी स्वतः त्यातच गुंतलेली असते. मुलांच्या बाबांचे म्हणणे असे की, शाळेत असती तर आता वार्षिक परीक्षेची तयारी चालू असती. या दिवसांतला एक आठवडा कसा आखावा, ते कृपया वारांसह सांगाल का?
– एक आई, सातारा

उत्तर : तुमच्या पत्रात ज्या दोन गोष्टी अडचण म्हणून आल्या आहेत, म्हणजे मुलांची बाहेरची ओढ आणि सासूबाईंचे वाळवण, त्यांच्यावरच हा आठवडा उभा करावा असे मला मनापासून वाटते. मात्र त्याआधी एक आग्रह धरते. वाचन आणि गणित रोज झालेच पाहिजे. ऋतू कोणताही असो, घरात पाहुणे असोत, पुरणपोळीचा बेत असो, या दोन गोष्टींना सुट्टी फक्त रविवारी. मुले स्वतःहून सगळे शिकतात, असे मानणाऱ्या पालकांविषयी मला आदर आहे. पण गुणाकार-भागाकाराचा सराव आणि सलग वाचनाची सवय या गोष्टी आपोआप होताना मी फारशा पाहिलेल्या नाहीत.

वेळ मात्र बदला. मार्चमध्ये नऊ ते एक हा काळ बसून शिकण्यासाठी चांगला नाही. सकाळी पावणेसात ते साडेआठ मुलांना बाहेर राहू द्या. नाश्त्यानंतर नऊ ते साडेदहा गणित आणि लेखन, त्यानंतर हाताचे काम. दुपारी जेवणानंतर फरशीवर आडवे पडून तुम्ही मोठ्याने वाचायचे आणि मुलांनी ऐकायचे. त्यासाठी पुस्तकांवर खर्च करण्याची गरज नाही, कारण १९७१ साली सुरू झालेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक बालभारतीने वाचकांसाठी मोफत उपलब्ध करून दिले आहेत.

आता वार. सोमवारी सासूबाई कुरडयांसाठी गहू भिजत घालतील. त्याआधी मुलांना तराजू द्या. कोरड्या गव्हाचे वजन मुलाने वहीत लिहावे आणि त्यातले वीस दाणे वेगळे काढून त्यांचे चित्र काढावे. मंगळवारी आणि बुधवारी पाणी बदलताना गहू निथळून पुन्हा वजन करायचे, वास घ्यायचा, दाणा बोटांत दाबून पाहायचा. पाणी रोज का बदलायचे, हा प्रश्न त्यांनी आजीलाच विचारावा. आजी ‘नाहीतर आंबूस वास येतो’ असे सांगतील, आणि तिथून आंबणे म्हणजे काय, डोशाच्या पिठात ते आपल्याला हवे असते आणि इथे आवरावे लागते ते का, इथपर्यंत मुलगी सहज पोहोचेल. तिच्यासाठी गणितही इथेच आहे : गव्हाने शोषलेले पाणी मूळ वजनाच्या कितवा भाग आहे, हे अपूर्णांकात आणि दशांशात तिला काढता येईल.

गुरुवार हा या आठवड्यातला सर्वांत भरगच्च दिवस आहे. गहू वाटायचा, फडक्यातून गाळायचा, चोथा वेगळा करायचा आणि दुधासारखे दिसणारे पाणी रात्रभर न हलवता ठेवायचे. त्यातलेच थोडे पाणी काचेच्या उभ्या बरणीत भरून ठेवा, म्हणजे चीक तळाशी कसा बसत जातो, हे मुलांना दर तासाला पट्टीने मोजता येईल आणि संध्याकाळी त्याचा आलेख काढता येईल. चमचाभर चीक वेगळ्या बशीत घेऊन त्यावर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. स्टार्चमुळे तो गडद निळा-काळा होईल. चोथ्यावर, कच्च्या बटाट्यावर, साखरेवर आणि मिठावरही तीच परीक्षा करून पाहू द्या. कशाचा रंग बदलेल, हा अंदाज मात्र आधी वहीत लिहायचा आणि मगच थेंब टाकायचा. ही परीक्षा मोठ्या माणसाच्या हाताखालीच व्हावी आणि वापरलेला नमुना लगेच फेकून द्यावा.

शुक्रवारी पहाटे वरचे पाणी ओतून द्यायचे, चीक मापून घ्यायचा, तितकेच पाणी मीठ-हिंग घालून उकळायचे आणि चीक शिजवायचा. पातळ चीक बघता बघता घट्ट आणि पारदर्शक होतो, कारण स्टार्चचे कण गरम पाण्यात पाणी शोषून फुगतात. हे सांगायला दोन वाक्ये पुरतात. त्याहून अधिक त्या वेळी बोलू नका. गरम चीक तूप-साखर घालून खाण्याचा तो क्षण आहे, आणि तो मुलांना निखळ मिळाला पाहिजे. त्यानंतर सोऱ्याने कुरडया घालताना मुलाने ओळी मोजाव्यात : एका ओळीत किती, ओळी किती, एकूण किती. ज्या मुलाला गुणाकार पाठ करायचा कंटाळा येतो, त्याला तो गच्चीवरच्या प्लास्टिकवर डोळ्यांसमोर मांडलेला दिसतो. दहा कुरडया वेगळ्या ताटात घालून त्यांचे वजन करा आणि कडकडीत वाळल्यावर पुन्हा करा. गव्हाने सोमवारपासून घेतलेले पाणी आणि उन्हाने परत नेलेले पाणी हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले, की मुलगी स्वतःच प्रश्न विचारू लागेल.

लेखनाचा पाठ म्हणून मुलीने आजीकडून कुरडयांची पूर्ण कृती ऐकून लिहून घ्यावी. आजी ‘अंदाजाने’, ‘चांगले मुरेपर्यंत’, ‘बोटाला चिकटणार नाही इतके’ असे सांगतात. ते शब्द तसेच ठेवून शेजारी मुलीने स्वतः मोजलेली मापे लिहायची. माहिती मिळवणे, क्रम लावणे आणि नेमके लिहिणे, या तिन्हींचा इतका चांगला सराव निबंधाच्या पुस्तकातून होत नाही.

सकाळच्या फेरीसाठी एकच झाड निवडा. साताऱ्याच्या आसपास या दिवसांत काटेसावर, पळस किंवा पांगारा सापडणे अवघड नाही. काटेसावर निवडली तर फार उत्तम. पाने नसलेल्या फांद्यांवर मोठी लाल फुले असतात आणि त्यांतल्या मधासाठी बुलबुल, मैना, सूर्यपक्षी यांची सकाळी झुंबड उडते. पुढे बोंडे धरतात आणि ती फुटून कापूस उडतो. दर आठवड्याला त्याच झाडाखाली पंधरा मिनिटे बसून तारीख, फुले, पाने आणि आलेले पक्षी लिहिले, तर मे महिन्यात मुलांच्या हाती झाडाचे खरेखुरे चरित्र असेल. पळसाचे एखादे पडलेले फूल मात्र घरी आणा आणि वाटाण्याच्या फुलाशेजारी ठेवून पाकळ्या सुट्या करून पाहा. दोन्ही एकाच कुळातली आहेत, हे सांगण्याआधीच मुलांच्या लक्षात येईल.

आठवडा शक्यतो असा निवडा की त्यात २० किंवा २१ मार्चचा विषुवदिन येईल. त्या दिवशी गच्चीवर एक मीटर उंचीची काठी अगदी उभी बसवा. उभी आहे की नाही हे दोऱ्याला दगड बांधून तपासा. सकाळी नऊपासून दर अर्ध्या तासाने सावलीच्या टोकाशी खडूने खूण करा. इतर दिवशी या खुणा वक्र रेषेत पडतात, विषुवदिनी त्या जवळजवळ सरळ रेषेत येतात आणि ती रेषा नेमकी पूर्व-पश्चिम असते. साताऱ्यात सर्वांत आखूड सावली दुपारी १२ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास पडेल आणि तिची लांबी सुमारे ३२ सेंटिमीटर भरेल. मुलीने कागदावर १० सेंटिमीटरची उभी आणि तिच्या पायथ्याशी ३.२ सेंटिमीटरची आडवी रेघ काढून त्रिकोण पूर्ण करावा आणि वरच्या टोकाचा कोन कोनमापकाने मोजावा. तो साडेसतरा ते अठरा अंशांच्या दरम्यान येईल, आणि साताऱ्याचे अक्षांशही तेवढेच आहेत. मग नकाशासंग्रह उघडून खात्री करून घेऊ द्या. नागपूरला कोणी नातेवाईक असतील तर त्यांनाही त्याच दिवशी सावली मोजायला सांगा. तिथे ती सुमारे ३९ सेंटिमीटर भरेल आणि मध्यान्ह साताऱ्याच्या वीस मिनिटे आधी होईल. एका फोनवर अक्षांश आणि रेखांश दोन्ही समजतात. पुढे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात साताऱ्यात शून्य सावलीचा दिवस येतो, तेव्हा हीच काठी पुन्हा काढा.

इतिहासासाठी या आठवड्यात वेगळा तास नको. रोजच्या वहीवर तारीख तीन प्रकारे लिहायला लावा : इंग्रजी महिना, मराठी तिथी आणि भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका. ही दिनदर्शिका १९५७ च्या २२ मार्चपासून अमलात आली आणि तिचा १ चैत्र २२ मार्चला, लीप वर्षात २१ मार्चला येतो. पाडवा कधी मार्चमध्ये तर कधी एप्रिलमध्ये का जातो, आणि शक काढताना ७८ वजा का करायचे, हे प्रश्न त्या तीन ओळींतूनच निघतील.

शनिवारचा सकाळचा वेळ मुलांच्या बाबांना द्या. बालभारतीचे पाचवीचे गणिताचे पुस्तक संकेतस्थळावर मोफत मिळते. त्यातल्या प्रत्येक प्रकरणातून दोन-दोन उदाहरणे त्यांनीच निवडावीत आणि मुलीकडून सोडवून घ्यावीत. मुलगी कुठे पक्की आहे आणि कुठे अडते, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल, आणि त्यांची काळजी निवळायला माझ्या कोणत्याही युक्तिवादापेक्षा त्याचा अधिक उपयोग होईल. संध्याकाळी मुलांनी त्यांना आठवड्याची वही दाखवावी.

प्रश्न : आमचा नातू घरी शिकतो. शाळेतली मुले परीक्षेच्या गडबडीत असल्याने मार्चमध्ये त्याला खेळायला कोणीच मिळत नाही. तो एकलकोंडा होईल का?
– एक आजोबा, नाशिक

उत्तर : आजोबा, तुमची काळजी रास्त आहे, आणि होमस्कूलिंग करणाऱ्या पालकांनी ती हसण्यावारी नेऊ नये. मुलाला रोज बरोबरीची मुले भेटलीच पाहिजेत. मार्चमध्ये संध्याकाळी सहानंतर मैदानावर मुले येतातच, म्हणून त्याची बाहेर पडण्याची वेळ तीच ठेवा. गावात घरी शिकणारी आणखी एक-दोन कुटुंबे असतील तर आठवड्यातली एक सकाळ एकत्र ठरवा आणि सावलीची काठी किंवा झाडाची नोंद यांसारखे काम मुलांवर मिळून सोपवा. शेजारच्या अंगणात पापड लाटले जात असतील तर त्यालाही लाटणे देऊन बसवा. वेगवेगळ्या वयाच्या माणसांत वावरायला तो तिथे शिकेल. बरोबरीच्या मित्रांची जागा मात्र त्याने भरून निघत नाही, म्हणून मैदान चुकवू देऊ नका.

प्रश्न : असे शिकवणे कायद्याला धरून आहे का, आणि मुलगी पुढे दहावीची परीक्षा कशी देईल? तिला आता अकरावे वर्ष लागले आहे.
– एक वडील, रत्नागिरी

उत्तर : बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. तो ६ ते १४ वयोगटासाठी आहे. पाल्याला जवळच्या शाळेत दाखल करणे हे त्याने पालकांचे कर्तव्य ठरवले आहे. मात्र तसे न करणाऱ्या पालकांसाठी त्यात शिक्षा सांगितलेली नाही आणि घरी शिकवण्याचा स्वतंत्र उल्लेखही नाही. म्हणजे होमस्कूलिंगला स्पष्ट मान्यता आहे असे म्हणता येत नाही, हे जाणून निर्णय घ्यावा. ‘काही होत नाही, सगळेच करतात’ एवढ्या भरवशावर मुलीच्या शिक्षणाचा निर्णय घेऊ नये.

परीक्षेचा मार्ग मात्र मोकळा आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडून दहावीची परीक्षा देता येते. त्यासाठी वयाची १४ वर्षे पूर्ण असावी लागतात, मराठी माध्यमाची सोय आहे आणि साधारणपणे पाच विषय घ्यावे लागतात. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते. नोंदणी पाच वर्षे टिकते आणि त्या काळात नऊ संधी मिळतात, त्यामुळे दोन विषय आधी आणि तीन नंतर असेही करता येते. त्याआधी तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष ‘अ’, ‘ब’, ‘क’ हे मुक्त मूलभूत शिक्षणाचे टप्पे याच संस्थेकडे आहेत. याशिवाय महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाकडूनही परीक्षा देता येतात, आणि राज्य मंडळाची दहावी खासगी विद्यार्थी म्हणून सतरा नंबरचा फॉर्म भरून देता येते.

माझा कल पहिल्या मार्गाकडे आहे, कारण विषय सुटे सुटे देण्याची मोकळीक घरी शिकणाऱ्या मुलीच्या वेगाशी जुळते. सतरा नंबरच्या फॉर्मसाठी शाळा सोडल्याचा दाखला मागितला जातो. मुलगी कधीकाळी शाळेत जात असेल तर तो दाखला आणि तिचा जन्मदाखला आताच काढून, त्यांवरचे नाव, आईचे नाव आणि जन्मतारीख अक्षरशः सारखी आहे ना, हे तपासून ठेवा. तफावत असेल तर ती दुरुस्त करून घ्यायला वेळ लागतो, म्हणून ते काम चौदाव्या वर्षापर्यंत लांबवू नका.