फेडोरा आणि डेबियन, दोन्हींची पॅकेजं एकाच ठिकाणी कशी बांधायची?
पुण्यातल्या कॉलेजच्या लॅबमध्ये निम्मी मशीन फेडोराची, निम्मी डेबियनची; दोन्ही लिनक्सच्या डिस्ट्रो, म्हणजे वेगवेगळे अवतार. एकाच प्रोग्रामची दोन्ही पॅकेजं हवीत, असं तुम्ही विचारलंय. ओपनसुसे या लिनक्स प्रकल्पाची ओपन बिल्ड सर्व्हिस घ्या; ती आपल्या सर्व्हरवर वेगवेगळ्या डिस्ट्रोंसाठी पॅकेजं बांधून देते. खातं फुकट आहे, सोबत 'होम' प्रोजेक्टही मिळतो.

वेबवर प्रोजेक्टच्या रिपॉझिटरीजमध्ये दोन्ही डिस्ट्रो जोडा. मग ओएससी हे या सर्व्हिसचं कमांड-लाइन साधन वापरा: 'ओएससी चेकआउट'ने प्रोजेक्ट उतरवा, 'ओएससी एमकेपॅक'ने पॅकेज तयार करा, त्यात टारबॉल (सोर्स कोडची एकत्र बांधलेली फाइल) आणि स्पेक फाइल (फेडोराचं पॅकेज कसं बांधायचं ते सांगणारी) ठेवून 'ॲड', 'कमिट'. डेबियनसाठी हीच माहिती देणाऱ्या डीएससी आणि कंट्रोल, रूल्स वगैरे फाइली वेगळ्या लागतात. कमिटआधी 'ओएससी बिल्ड' जरूर चालवा. चूक आपल्याच मशीनवर कळते, रांगेत थांबावं लागत नाही.

नवखे हमखास अडकतात ते एका गोष्टीत: सर्व्हरवर बिल्ड चालू असताना इंटरनेट नसतं. हे मुद्दाम आहे, आणि योग्यच आहे. बाहेरून काय आलं हा संशयच उरत नाही. त्यामुळे पिप, एनपीएम किंवा कार्गो ही लायब्ररी आणणारी साधनं काही डाउनलोड करायला गेली की बिल्ड फेल. लागणाऱ्या लायब्ररी आधीच सोर्ससोबत द्या.

बिल्डच्या निकालात 'अनरिझॉल्व्हेबल' (लागणारं पॅकेज सापडत नाही) दिसलं तर कोड तपासत बसू नका. बहुतेकदा अवलंबित पॅकेजचं नाव चुकलेलं असतं: फेडोरात 'ओपनएसएसएल-डेव्हल', डेबियनमध्ये तेच 'लिबएसएसएल-डेव्ह'.