इटलीतल्या जुन्या शहरात घरच्यांनी चालवलेल्या छोट्या हॉटेलात राहावं का? सोबत सत्तरीतले आई-वडील आहेत

जरूर राहा. फक्त पैसे भरण्याआधी लिफ्ट आहे का आणि खोली कितव्या मजल्यावर आहे, हे विचारून घ्या. तुमच्या आईचे गुडघे दुखतात, दोघंही अंडंसुद्धा खात नाहीत, आणि फ्लॉरेन्स की सिएना हे अजून ठरत नाहीये, असं तुम्ही लिहिलंय. मी सिएनाबद्दल सांगते. मी, नवरा आणि ७२ वर्षांच्या सासूबाई असे तिघं मे महिन्यात तिथे पाच रात्री अशाच एका हॉटेलात राहिलो होतो.

हॉटेल फोंतेब्रांदा भागात, उतारावरच्या एका जुन्या घरात होतं. एकूण नऊ खोल्या. आई सकाळचा नाश्ता बघायची, मुलगी बुकिंग आणि हिशेब, जावई सामान उचलण्यापासून नळ दुरुस्त करण्यापर्यंत बाकी सगळं. नोकरमाणूस असं कुणी नव्हतंच, फक्त चादरी बदलायला दुपारी एक बाई यायच्या. अशा ठिकाणी पाहुण्यासारखं राहायचं, हे मनाशी ठरवूनच जा. आपण कुणाकडे उतरतो तेव्हा कधी पोहोचणार ते कळवतो, रात्री उशीर होणार असेल तर सांगतो, काय खात नाही ते आधीच बोलतो. इथेही तेच करायचं. मोठ्या हॉटेलात हे न करता चालतं, इथे अडतं.

आमचं पहिल्याच दिवशी अडलं. फ्लॉरेन्सहून सिएनाला रेल्वेने साधारण दीड तास लागतो, पण काही गाड्या एम्पोलीला बदलाव्या लागतात. आमची पुढची गाडी चुकली आणि पोहोचायला रात्रीचे सव्वानऊ झाले. रिसेप्शन आठला बंद होतं असं त्यांच्या ईमेलमध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं. मी ते वाचलं होतं, पण येण्याची वेळ कळवायची राहून गेली. दाराला कुलूप, रस्ता सामसूम, सासूबाई पायरीवर बसलेल्या. फोन केल्यावर जावई दहा मिनिटांत आले. जेवणावरून उठून आले होते. एक शब्द बोलले नाहीत, बॅगा उचलून वर गेले. मला आजही त्याचं वाईट वाटतं. तुम्ही निघायच्या दिवशी सकाळी एक निरोप पाठवा आणि उशीर झाला तर वाटेतून दुसरा.

आता पायऱ्या. इटलीत तळमजला शून्य धरतात, हे आपल्याला माहीतच असतं. पण जुन्या घरांत तळमजला आणि पहिला मजला यांच्या मध्ये कधी कधी एक अर्धा मजला असतो, आणि तो मोजणीत धरतीलच असं नाही. आमची खोली ‘दुसऱ्या मजल्यावर’ होती. मोजून ६४ पायऱ्या, दगडी, मधोमध झिजलेल्या. जुन्या इमारतींत भिंती फोडायला परवानगी सहज मिळत नाही, त्यामुळे लिफ्ट नसण्यात मालकांचा दोष नसतो. असली तरी दोन माणसं आणि एक बॅग एवढीच मावेल अशी असते. म्हणून ‘कितवा मजला’ यापेक्षा ‘रस्त्यापासून खोलीच्या दारापर्यंत किती पायऱ्या’ असं विचारा. हे लोक खरं सांगतात. दमलेला, चिडलेला पाहुणा त्यांनाच रोज बघावा लागतो ना.

आणि खोलीबाहेरही सिएना म्हणजे चढउतारच. शहर तीन टेकड्यांवर वसलंय. रेल्वे स्टेशन खाली दरीत आहे. समोरच्या शॉपिंग सेंटरमधून सरकत्या जिन्यांची रांग वर कामोल्लीया वेशीपर्यंत नेते, पण तिथून काम्पोच्या चौकापर्यंत, म्हणजे शहराच्या मुख्य चौकापर्यंत, अजून दीड किलोमीटर चालावं लागतं. आई-वडील सोबत आहेत तर सरळ टॅक्सी करा. फ्लॉरेन्सहून बसने गेलात तर ती ग्राम्शी चौकाजवळ, म्हणजे वरच सोडते. गुडघ्यांसाठी मला बसच बरी वाटते. भाड्याची गाडी घेणार असाल तर जुन्या शहरात खासगी गाड्यांना बंदी आहे आणि वेशींवर कॅमेरे आहेत, हे विसरू नका. हॉटेलने तुमचा गाडी नंबर आधी नोंदवला तरच सामान उतरवण्यापुरतं आत जाता येतं. नाहीतर दंडाचं पत्र काही महिन्यांनी थेट भारतातल्या घरी येतं.

पोहोचल्यावर पासपोर्ट मागतील. घाबरू नका. प्रत्येक पाहुण्याची माहिती २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे. शहराचा मुक्काम-कर माणशी, दर रात्री वेगळा द्यावा लागतो आणि बुकिंगच्या रकमेत तो बहुतेक वेळा धरलेला नसतो. छोट्या हॉटेलांना तो रोख दिलेला आवडतो, थोडे युरो जवळ ठेवा. बाथरूममध्ये शॉवरजवळ एक दोरी लोंबत असते. ती दिव्याची नाही, मदत बोलावण्याची आहे. सासूबाईंनी ती ओढली आणि मालकीणबाई पिठाच्या हातांनी वर धावत आल्या. आईंना पहिल्याच दिवशी दाखवून ठेवा, कारण खरंच घसरल्या तर तीच कामाला येईल. मेमध्ये रात्री गारठा असतो, पण हीटिंग लावायच्या तारखा सरकारने ठरवून दिलेल्या आहेत आणि त्या एप्रिलच्या मध्यालाच संपतात. मालकांशी वाद घालण्यात अर्थ नाही, जादा ब्लँकेट मागा.

खाण्याबद्दल तुम्हाला काळजी आहे, आणि ती रास्त आहे. नाश्त्याला कॉफी, कोर्नेत्तो (क्रोसाँसारखा गोडसर पाव), टोस्टसारखी कोरडी बिस्किटं, जॅम, दही, फळं असतात. कोर्नेत्तोत अंडं असतं. मी आदल्या आठवड्यात ईमेलने लिहिलं होतं की सासूबाई मांस, मासे, अंडी काही खात नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या ताटलीत भाजलेला पाव, ऑलिव्ह तेल, टोमॅटो आणि एक वाटी उकडलेले पांढरे बीन्स येऊ लागले. तोस्कानातला, म्हणजे सिएनाच्या प्रांतातला पाव अळणी असतो, मीठच घालत नाहीत, त्यामुळे पहिला घास विचित्र लागतो. सासूबाईंनी पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढली आणि मालकीणबाईंनाही चाखायला दिली. रोज सकाळी मग दोघींची बैठक. एक इटालियन बोलायची, एक मराठी, आणि अर्धा तास कसा जायचा कळायचं नाही.

बाहेर जेवताना ‘पीची’ मागा. हाताने वळलेल्या जाड शेवया असतात, पीठ आणि पाण्याच्या, बहुतेक ठिकाणी अंड्याशिवाय. ‘आल्लाल्योने’ म्हणजे मोठ्या पाकळ्यांचा लसूण आणि टोमॅटोचा रस्सा. विचारून खात्री करून घ्याच: सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा उओवा. मांसाशिवाय, माशांशिवाय, अंड्यांशिवाय. आई-वडील चीजबद्दलही काटेकोर असतील तर इथलं पेकोरीनो, म्हणजे मेंढीच्या दुधाचं चीज, बहुतेक वेळा वासराच्या जठरातल्या रेनेटने बनतं, हे त्यांना आधीच सांगा, नंतर कळलं तर मनाला लागेल. गोडात रिचारेल्ली ही बदामाची बिस्किटं नकोत, त्यात अंड्याचा पांढरा भाग असतो. पानफोर्ते मात्र घ्या. बदाम, मध, साखर, मुरवलेली फळं, आणि त्यात दालचिनी, लवंग, जायफळ, धणे. पूर्वी हे औषधी मसाले विकणाऱ्यांच्या दुकानांत मिळायचं. सासूबाईंनी पहिला तुकडा तोंडात घालून डोळेच मिटले.

आता ज्यासाठी मी पुन्हा अशाच हॉटेलात राहीन ती गोष्ट. सिएनात १७ कोन्त्रादा आहेत. कोन्त्रादा म्हणजे पेठच, पण तिची हद्द १७२९ साली बव्हेरियाच्या व्हिओलान्ते या राज्यपाल बाईंनी घालून दिली, ती आजही पाळली जाते. प्रत्येकीचं आपलं चिन्ह, झेंडा, देऊळ, संग्रहालय आणि कारंजं. त्या कारंज्यावर मुलांचा कोन्त्रादाच्या नावाने बाप्तिस्मा होतो आणि गळ्यात रुमाल बांधला जातो. २ जुलै आणि १६ ऑगस्टला काम्पोच्या चौकात माती पसरून घोड्यांची शर्यत होते, ती पालियो. सतरांपैकी दहाच घोडे धावतात, तीन फेऱ्या, दीड मिनिटाच्या आत सगळं संपतं. शर्यतीच्या दिवशी घोड्याला आपापल्या कोन्त्रादाच्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद देतात. स्वार पडला आणि घोडा एकटाच पहिला आला, तरी कोन्त्रादा जिंकते.

आमचं हॉटेल ‘ओका’ म्हणजे हंस कोन्त्रादात होतं. हिरवा, पांढरा, तांबडा झेंडा. हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी काम्पोजवळच्या एका दुकानात सासूबाईंना एक रुमाल दिसला: पाठीवर बुरूज घेतलेला हत्ती. त्यांना त्यात गणपतीच दिसला. घेतला, गळ्यात बांधला आणि हॉटेलात आल्या. रिसेप्शनवर मुलगी होती. तिचा चेहरा उतरला. हत्ती हे ‘तोर्रे’ कोन्त्रादाचं चिन्ह, आणि ओका-तोर्रे यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर आहे. ती रागावली नाही. तिने आम्हाला बसवलं, भिंतीवरचे फोटो दाखवले. आजोबा, वडील, ती स्वतः सहा वर्षांची, कारंज्यापाशी. मग हळूच म्हणाली, हा रुमाल खोलीत ठेवा, खिडकीत वाळत घालू नका, शेजाऱ्यांना वाईट वाटेल. सासूबाईंनी तिथल्या तिथे तो काढून घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. नंतर मला म्हणाल्या, “देव आपला आपल्याजवळ. ज्यांच्या घरात उतरलो त्यांचं मन मोडायचं नाही.”

त्या संध्याकाळी मालकीणबाई आम्हाला स्वतः खाली फोंतेब्रांदाच्या कारंज्यावर घेऊन गेल्या. विटांच्या तीन टोकदार कमानी, आत हिरवट, थंड पाणी. ते शहराखाली खोदलेल्या बोत्तीनी नावाच्या भुयारांतून येतं, अशी २५ किलोमीटर भुयारं आहेत. या पाण्यामुळे इथे रंगारी आणि कातडं कमावणारे राहायचे. सिएनाची संत कातेरीना १३४७ मध्ये इथल्याच एका रंगाऱ्याच्या घरी जन्मली. तिचं घर वाटेतच लागतं. धाकट्या वयात घरच्यांशी झगडून स्वतःची वाट धरणारी, पोपला खडसावणारी पत्रं सांगून लिहून घेणारी मुलगी. सासूबाईंना मुक्ताबाई आठवली. ज्ञानदेवांना ताटी उघडा म्हणणारी मुक्ताबाई कोण, हे मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं, मुलीने ते इटालियनमध्ये आईला सांगितलं. गल्लीत दोन पोरं झेंडा फेकून झेलायचा सराव करत होती, एक ढोल वाजवत होता. मालकीणबाईंनी त्यांना थांबवून सासूबाईंची ओळख करून दिली. हे कुठल्याही तिकिटावर मिळत नाही. ज्या घराला त्या गल्लीत मान आहे, त्यांच्याकडे उतरलात म्हणून मिळतं.

बुकिंगबद्दल एक विनंती. व्हिसासाठी मुक्कामाचा पुरावा लागतो, म्हणून अनेक जण तीन-चार छोटी हॉटेलं अडवून ठेवतात आणि व्हिसा आला की रद्द करतात. नऊ खोल्यांच्या घराला दोन खोल्या ऐनवेळी रिकाम्या राहणं फार जड जातं. एकच हॉटेल ठरवा, रद्द करण्याची मुदत बघून ठेवा, आणि व्हिसाची तारीख त्यांना सांगा. आमच्या हॉटेलातल्या मुलीने आपणहून मुदत आठवडाभर वाढवून दिली होती. त्यांना थेट ईमेल केल्यास दरही थोडा कमी होऊ शकतो, कारण वेबसाइटचं कमिशन वाचतं.

बुक करताना पाटीवर काय लिहिलंय तेही बघा. ‘आल्बेर्गो’ म्हणजे हॉटेल, तिथे रिसेप्शन असतं. ‘आफित्ताकामेरे’ म्हणजे खोल्या भाड्याने. तिथे किल्लीचा कोड पाठवतात आणि मालक कदाचित दिसतही नाहीत. आई-वडिलांसाठी मी पहिलंच घेईन. पालियोच्या आसपासच्या दिवसांत मात्र जाऊ नका. दर चढलेले असतात, चौकात तासन्‌तास उन्हात उभं राहावं लागतं, आणि हॉटेलवाल्यांचं सगळं लक्ष शर्यतीकडे असतं, ते असणारच. आईंना ६४ पायऱ्या जमणार नसतील तर फ्लॉरेन्समध्ये सपाट रस्त्यावरचं, लिफ्टवालं घरगुती हॉटेल शोधा आणि सिएनाला एका दिवसापुरतं बसने या. काम्पोच्या शिंपल्यासारख्या उतारावर लोक तसेच जमिनीवर बसतात. आईंसाठी कडेच्या कॅफेत खुर्ची घ्या. पैसे जास्त पडतात, पण विटांचा तो चौक आणि तोर्रे देल मांजा हा त्याच्या कडेचा उंच मनोरा त्यांना निवांत बसून बघता येईल.

आणि हो, शेंगदाण्याची चटणी दोन डबे न्या. आमचा एक तिथेच ठेवून आलो, मालकीणबाईंनी मागून घेतला.