ठाण्यातील जुनी प्रार्थनास्थळे एका सकाळी पायी पाहता येतील का?

होय, कारण ती स्थानकाच्या पश्चिमेला एकमेकांपासून जवळच आहेत. सुरुवात जांभळी नाक्याजवळील कौपीनेश्वर मंदिरापासून करावी. मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे घेतल्यानंतर, १७६० च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी बांधलेल्या या मंदिरातील शिवलिंग चार फुटांहून उंच असून, गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभे राहिल्यावरच त्याचा घेर खरा जाणवतो. सोमवारी मात्र गर्दीमुळे तेथे निवांत थांबता येत नाही. पुढे मासुंदा तलावाच्या काठाने सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च लागते, ज्याचा इतिहास पोर्तुगीज काळापर्यंत जातो.

टेंभी नाक्याजवळची १७८० ची अग्यारी पारशी नसलेल्यांनी बाहेरूनच पाहावी. शेवटी १८७९ मध्ये उभारलेले शार हाशामाईम हे सिनेगॉग अवश्य पाहावे. पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी बोलत आलेल्या बेने इस्रायली या ज्यू समाजाचे हे प्रार्थनास्थळ ठाणेकरांनाच फारसे ठाऊक नसावे, याचे मला मनापासून वाईट वाटते. शनिवार हा शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा पवित्र विश्रांतीचा दिवस असल्याने तो टाळून, आधी परवानगी घेऊन, ओळखपत्रासह आणि डोके झाकून जावे.